‘फिकट’ लिहिलेली कुपी

ती : ...आणि ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींतसुद्धा बँड आला, काका. चांगला काळाकुट्ट पट्टा.

काका : पेशीत जे नाहीच, ते दिसलं?

ती : हो ना. म्हणजे आपली अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय. तीन वर्षं मी भलत्याच प्रथिनाचे फोटो काढत बसलेय.

काका : हं. मला वाटलं, रिटायर होऊन दोन वर्षांनी लॅबमधून फोन आलाय, म्हणजे कुणीतरी गेलं असणार.

ती : चुकलंच माझं. अधेमधे करायला हवा होता.

काका : जाऊ दे गं. सरांना सांगितलंस?

ती : कुठल्या तोंडाने? पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. पेशीला ‘वाढ’ म्हणून निरोप देणारं हे प्रथिन आमच्या औषधाने कमी होतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा उभा आहे. आज रविवार, लॅबमध्ये चिटपाखरू नाही. भर दुपारी एकटी फ्रीजची घरघर ऐकतेय.

काका : तो अजून घरघरतो?

ती : लाथ घातल्याशिवाय गप्प बसत नाही.

काका : लाथ कसली घालतेस! डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकव... ऐक. ती अँटिबॉडी मी निवडली होती.

ती : सरांनी ना?

काका : सरांनी सही केली. तू नवीन होतीस तेव्हा. दोन नमुने आले होते. एकीचा बँड काळाभोर, दुसरीचा डोळे ताणून बघावा लागे. काळा बघून सर खूश. सर खूश म्हणून मीही खूश. प्रथिन काढलेल्या पेशी मागवून दोन्ही तपासू या, एवढं बोलायला हवं होतं. तीस वर्षं त्याच टेबलावर काढली, आणि तेवढं बोललो नाही.

ती : दुसरी फेकून दिली?

काका : मी कधी काही फेकलंय? उणे वीसचा फ्रीज, सगळ्यात खालचा खण, अगदी मागे. चांदीच्या कागदात. माझ्या अक्षरात ‘फिकट’ लिहिलंय.

ती : थांबा हं... मिळाली! गोठलेली नाहीये, पातळ आहे.

काका : ग्लिसरीन असतं त्यात, उणे विसातही गोठत नाही. मग चालेल. प्रथिन काढलेल्या पेशींची रांग, औषधाची, बिनऔषधाची. तिन्ही हव्यात. आणि मनासारखं दिसावं म्हणून फोटो उजळत बसू नकोस.

ती : प्रथिनं उतरवलेली मेम्ब्रेनची पट्टी तयार आहे. आता या अँटिबॉडीत तासभर, मग धुणं, मग बँड उजळवणारी जोड-अँटिबॉडी. ठेवू फोन?

काका : ठेवायलाच हवा का? तू कर तुझं काम. मी नुसता असतो. इथे तरी कोण आहे बोलायला?

(अडीच तासांनी. फोन चालूच.)

ती : काका? आहात?

काका : आहे की.

ती : प्रथिन काढलेल्या रांगेत काही नाही. स्वच्छ.

काका : म्हणजे ही खरी. आणि औषधाच्या?

ती : बिनऔषधाच्या रांगेत जेवढा, तेवढाच. औषधाने काही होत नाही, काका. काहीच होत नाही.

काका : रडून घे. मी आहे इथे.

ती : सगळे विचारतील, तीन वर्षं करत काय होतीस?

काका : सांग, त्या म्हाताऱ्याने चुकीची कुपी हातात दिली. माझं नाव घालून लिही सरांना.

ती : पण मीही तपासायला हवं होतं. माझंही चुकलं.

काका : बरं बाई, दोघांचं लिही.

ती : उद्या भेटते त्यांना. मग पुन्हा पहिल्यापासून... काका, उद्या फोन केला तर चालेल?

काका : अडलं काही, तर कर.

ती : आणि काही नाही अडलं तर?

काका : मग सकाळीच कर. पाचपासून जागा असतो मी.