हरवले, किंमत जमा

न्हाई माधवी, ते तसंच ऱ्हाऊ दे. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये त्या पुस्तकापुढं 'हरवले, किंमत जमा' असंच लिव्ह. पुस्तक समोर हाय ते मला बी दिसायलंय की — पण ते आपलं न्हाई आता. तू परभणीहून पुस्तकांची यादी करायला आलीस, तुला वाटंल ताडकळसच्या वाचनालयात कायबी चालतंय, हरवल्यालं पुस्तक फळीवर बसतंय. तसं न्हाई माय. एकतीस वर्षं झाली मला या खुर्चीत. या बन्सीधरच्या वहीत चूक घावायची न्हाई, असं कमिटीच सांगायची. मागल्या महिन्यात रंग देताना कपाट सरकवलं, तर हे मागं पडल्यालं. बस, एवढंच.

कुणी हरवलं? हरवलं म्हंजी — शिवकन्या नावाची पोरगी होती, सितारामची. मायबाप दर साली ऊसतोडीला जायचे, ही आजीपाशी राहून शिकायची. नववीला होती. शाळा सुटली की दप्तरासकट इथंच, त्या कोपऱ्यात, पाय वर घिऊन बसायची. हे ताऱ्यांचं पुस्तक तर तिनं चार डाव नेलं असंल — आत नकाशे हायेत बघ, कोण्या महिन्यात कोणतं नक्षत्र कुठं दिसतंय ते. मला म्हणायची, "काका, माय-बाबा फडावर निजतेत ना, त्यायला बी हेच दिसत असंल." दिवाळीच्या तोंडावर तपासणी लागली, तर पुस्तक न्हाई. तिला बोलावलं. म्हणाली, "काका, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच आणून दिलं की. तुमी फोनवर बोलायलता, म्हणून टेबलावर ठिवलं." मी देवघेवीची वही उघडली. नेल्याली तारीख हाय, आणल्याली न्हाई. बाजाराचा दिवस, पेपर वाचायला वीसएक माणसं बसल्याली — अन् मी म्हणालो, "वही खोटं बोलती, का तू?" एवढंच म्हणालो. आवाज बी चढवला न्हाई. पोरीनं वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् दप्तर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सिताराम आला. किंमत भरली, पावती घेतली, वर माझी माफी मागितली — त्यानं, माझी. म्हणाला, "हिला एक पुस्तक सांभाळंना सर, ही शाळा काय शिकंल." चार दिवसांनी ऊसतोडीची टोळी निघाली, तिला बी संग नेली, फडावर मोळ्या बांधायला. पुन्हा काय ती शाळेत आली न्हाई. पुढच्या साली पोखर्णीला दिली.

दिसली की नंतर. चार-पाच वर्षांखाली आलती बाजाराला, कडंवर लेकरू. पायरीपाशीच उभी राहिली. मी म्हणलं, ये ना आत, बस, एखादं पुस्तक घिऊन जा. तर हसली. "नको काका," म्हणाली, "माझ्याकडून हरवतेत पुस्तकं." टोमणा न्हवता तो, माय. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटायलं होतं, आपणच हरवलं म्हणून — माझ्या वहीनं पटवून दिलं तिला. अन् मी कपाटाला पाठ लावून उभा, पुस्तक आत, नुसता हात मागं केला असता तर—

हां. आत. कपाटात.

बरोबर ऐकलंस. मागं पडल्यालं न्हवतं ते, मीच कुलपात ठिवल्यालं. त्या दसऱ्याला आमच्या नातवाला, ओमप्रकाशला, गोवर निघाल्याला. लेकरू लय किरकिर करायलं होतं, म्हणून टेबलावरचं चित्राचं पुस्तक घिऊन गेलो घरी — परत आल्याची नोंद उद्या करू म्हणलं. उद्या राहूनच गेलं, अन् डोक्यातूनच गेलं बघ. तिच्यापुढं वही उघडली तवा मला खरंच आठवलं न्हवतं, त्याची मी शपथ घेतो. घरी गाद्यांच्या थप्पीत घावलं ते, टोळी जाऊन आठ दिवस झाल्यावर. टोळीच्या मुकादमाचा नंबर होता माझ्याकडं. एक फोन केला असता तर पोरगी माघारी आली असती, आजी होतीच की इथं. पण वीस माणसापुढं बोलल्यालं कसं गिळायचं? इथं आणून कपाटात ठिवलं अन् कुलूप घातलं. म्हणलं, टोळी आल्यावर सांगू. टोळी आली तर तिचं लग्न ठरल्यालं. मग म्हणलं, आता सांगून काय होणार हाय.

गेलतो ना, सांगायलाच गेलतो, मागल्या महिन्यात. सुट्टी होती वाचनालयाला. पुस्तक पिशवीत घातलं अन् गेलो पोखर्णीला. तिनं चहा टाकला, सासूला सांगितलं, आमचे वाचनालयाचे काका हायेत म्हणून. मी पुस्तक काढून तिच्यापुढं ठिवलं. लय वेळ हात लावला न्हाई तिनं. मग पदराला हात पुसले अन् उघडलं. "म्हंजी मी दिलतं?" दिलतं, म्हणालो. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी?" हो, म्हणालो. तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "बाबा गेले परवाच्या साली. फडावर मी रोज म्हणायचे त्यायला, बाबा मी दिलंय, दिलंय. मग मीच म्हणाय लागले, हरवलं असंल माझ्याकडून." रडली न्हाई. फक्त एक इचारलं — "काका, कवा घावलं हे?"

अन् मी म्हणालो, परवाच. रंग देताना. कपाटामागं.

हां, तुला सांगितलं तेच. तिथं पहिल्यांदा तोंडातून निघालं, अन् आता तेच निघतंय.

तर ती म्हणाली, "मग तुमाला तरी काय माहीत, काका. मनाला लावून घिऊ नका." म्हणलं, हे ठिव तुझ्याजवळ, तुझ्या बापानं किंमत भरल्याली हाय, तुझंच हाय. न्हाई म्हणाली. "तिथंच ऱ्हाऊ द्या, कुणी तरी वाचंल." स्टँडपर्यंत सोडायला आली. यष्टी आली तवा वाकून पाया पडली माझ्या. मी पडू दिलं.

असं बघू नको माझ्याकडं. जा तू आता, माधवी. उरल्याली फळी उद्या घे. दार लोटून घे जाताना.