दोन थांब्यांचा एक थांबा

नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या होत्या. ट्रामच्या थांब्यावर त्यांच्या शेजारी एक सासू आणि सून गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

“आई, पाटी वाचलीत? हा थांबा बंद होणार आणि पुढचाही. दोन्हींच्या मध्ये, औषधांच्या दुकानासमोर एकच करणार आहेत.”

“पुढच्यावर तर आमच्या थोरल्या जाऊबाई चढतात.”

“काकूही आता तिथेच येणार.”

“बरी खोड मोडली. शिवणयंत्रावरून अबोला धरल्यापासून, मी पुढच्या दारापाशी दिसले की बाईसाहेब मागच्या दाराने चढतात. आता थांब्यावर कुठे तोंड लपवतील?”

“आणि तुम्ही?”

“मी कशाला लपवू? मी काय यंत्र पळवलं?”

“फार वेळ उभं राहावं लागणार नाही म्हणा. ट्रामला वेगळी वाट देणार, सिग्नलही आधी तिलाच. तुम्ही पोचलात की गाडी हजर.”

“इतकी लगेच?”

“चांगलंच आहे की.”

“डोंबल चांगलं. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलंय, ते तेवढ्यात कसं व्हायचं?”

नर्सबाई उगाचच रुळांकडे बघत राहिल्या.

“मग काय करायचं म्हणता?”

“तू आपली वेळेवर कामाला जात जा गं. आम्ही दोघी मागच्या गाडीने येऊ.”