संघ ब्रुकलिनलाच हवा

न्यूयॉर्कचा नवा बेसबॉल संघ शहराच्या कोणत्या भागात असावा, यावर लोकांची मतं डेल्फीन लिहून घेत होती. रांगेत दोघे भाऊ वाद घालत होते.

“दादा, संघ माझ्या ब्रुकलिनलाच हवा! ब्राँक्सला तुझ्या दारात मैदान आहे, म्हणून बाबा दर रविवारी तुझ्याकडे.”

“जळतोस, नुंझिओ?”

“जळतोय! माझ्याकडे दहा मिनिटं टेकतात. तुझ्याकडे जेवण, झोप, वर लझान्या बांधून.”

“वेड्या, ते सामना बघतच नाहीत.”

“मग?”

“येतात पाचच मिनिटांसाठी. तेवढ्यात सामन्याच्या गर्दीने रस्ता तुंबतो, गाडी निघत नाही. मग मला शिव्या घालत बसतात.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“तुलाच?”

“मलाच.”

नुंझिओ डेल्फीनकडे वळला.

“बाई, लिहा. संघ राहू दे. ब्रुकलिनला नुसती गर्दी द्या.”