धोंड्याचा महिना कुणाकडं

न्हाई, न्हाई, ताई — ते खोडा. 'मुलगा' म्हनून खूण केली का तुमी? खोडा बरं ती. सेवा कोन करतं असं इचारलं तुमी, तर मुलगा करीत न्हाई. मुलगा सकाळी उठून आईच्या पाया पडतो आन् शेताला जातो. करते मी, सून. सुनेचा रकाना हाय का न्हाई त्याच्यात? — नसला तर बाजूला लिव्हा की, कोपऱ्यात लय जागा हाय. बायनाबाई लिव्हा, मुक्काम पेडगाव. सासूचं नाव धुरपताबाई. मालकाचं नाव दारावर रंगवलंय, जाताना वाचून घ्या, ते काय माज्या तोंडातून निघायचं न्हाई.

आन् 'कशाची गरज हाय' ह्या सवालाला एवढीच एक रेघ ठिवली व्हय? हितं ढाळजंतूनच आत बघा — हळू, झोपल्यात त्या — ती बाज दिसायली का? तिची सुतळी मदून मीच कापली, खाली घमेलं ठिवलं, घमेल्यात राख. ही माजी अक्कल, कुन्या डाक्टरनं शिकिवली न्हाई. दिवसातून चार खेपा कूस बदलावी लागती, न्हाईतर पाठ फुटती — फुटलीच हाय, तळहाताएवढी जखम हाय माकडहाडावर, लिंबाचा पाला उकळून धुते. एकटीनं कूस बदलायची म्हनजे लुगड्याची घडी अंगाखाली सारायची आन् ओढायचं. माजी कंबर गेली त्याच्यात. मीबी पन्नाशी उलटलेलीच हाय की, मला कोन बघायलं? नर्सबाई येती गावात, पोटुश्या बायांना गोळ्या देती, लेकरांना डोस पाजती. तिला म्हनलं, बाई, घडीभर आत येऊन जखम तर बघा. तर म्हनली, म्हाताऱ्या मानसाचं माज्या रजिस्टरात काई न्हाई. तलाठ्याकडं गेले, निराधाराच्या यादीत नाव घाला म्हनलं, तर तो हसायलाच लागला — दोन दोन लेकं हायेत, निराधार कशी? दोन लेकं हायेत म्हनूनच तर ही गत झाली, पर तसं लिव्हायला त्याच्याकडं जागा न्हाई आन् तुमच्याकडंबी न्हाई.

पानी घ्या. तुमी बसा, उन्हाचं कुठं जाता. तुमचं हे सरकारी हाय ना? म्हनजे ह्याच्यावर शिक्का बसंल? — मंग माजं एक काम करा. एक ओळ लिव्हा. 'धोंड्याचा महिना दत्तरावाकडं.' बस. दुसरं काई नको मला, ना पगार, ना गोळ्या. दत्तराव म्हनजे माजा दीर, त्ये काय समोरचं निळं दार, बारा पावलावर. त्यांना माजं खरं वाटत न्हाई, भावाचं वाटत न्हाई, पर सरकारी कागदावर आलं तर मुकाट्यानं मंजूर करतेल. — कामून न्हाई? नुसती माहिती गोळा करायची म्हनता? मंग हीच तर माहिती हाय!

बरं, ऐका तर खरं. नामांतराच्या गडबडीच्या साली ह्या दोघा भावांची वाटनी झाली, दहा वर्सं झाली. पंच बसले, स्टांपावर लिव्हलं, दस्तखत झाले. जमीन बांध घालून वाटली. आंबा वाटला, उगवतीच्या फांद्या आमच्या, मावळतीच्या त्यांच्या. विहीर वाटली ती वारावर — सोम, बुध, शुक्र आमचं पानी, मंगळ, गुरू, शनी त्यांचं, आन् ऐतवारी मोटार बंद. दहा वर्सांत पान्यावरून एक तकरार न्हाई बगा. आन् आई वाटली महिन्यावर. चैत त्यांच्याकडं, वैशाख आमच्याकडं, जेठ त्यांच्याकडं, आखाड आमच्याकडं, असं फागुनापर्यंत. सहा अन् सहा, बारा. लिवनारा हुशार, पंच हुशार, सारं गाव कौतुक करायलं की कसा चोख फैसला केला. तेरावा महिना कुनाच्या ध्यानातच आला न्हाई. तीन वर्साला एक महिना जास्तीचा येतो का न्हाई, अधिक, धोंडा? एका बी शहान्याला सुचलं न्हाई त्या दिवशी. आई वारावर वाटली असती तर हे झालं नसतं, विहिरीवानी सुरळीत चाललं असतं.

पहिला धोंडा निघाला तवा कसं झालं सांगू? दोघं भाऊ भांडले की, आई माज्याकडं राहील! खोटं न्हाई सांगत. तवा सासू, आमच्या आत्याबाई, हिंडत्या फिरत्या होत्या, दळन करायच्या, लेकरं सांभाळायच्या, भुईमुगाच्या शेंगा फोडाव्या तर त्यांनीच. अशा बाईचा एक महिना फुकट मिळाला तर कोन सोडतं? मीच मालकाला म्हनलं होतं, सोडू नका. — लिव्हू नका हे.

आन् आता आज आमुशा. उद्यापासून धोंड्याचा जेठ लागला. जेठ कुनाचा? दत्तरावभावजीचा. तर ते काय म्हनतात, खरा जेठ माजा, धोंड्याचा न्हाई. वर आनिक शास्त्र सांगायलेत — धोंड्यात कोनतं नवं काम करीत न्हाईत, आईला घर कसं बदलायचं? बघा! जावयाला बोलवून धोंडा जेवू घालायला चालतं, अनारसे तळायला चालतं, पुन्याचा महिना म्हनून गंगेला जायला चालतं. माजीबी लेक सुमंगला अन् जावाई येनारेत, पयलाच धोंडा हाय त्यांचा. ह्या वासात जावयाला जेवायला वाढू का? तुमीच सांगा. तुमचं नाक तर मगापासून पदरातच हाय. — न्हाई, राग न्हाई आला. मलाच येत न्हाई आता तो वास, म्हनून म्हनले.

काय इचारलं? अंथरुनाला कवापासून खिळल्या — तीन वर्सं. कारन? पडल्या. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. लिव्हा, न्हाणीत. — कोनत्या महिन्यात कशाला पायजे तुमाला? श्रावन. पाऊस होता. — न्हाणीत पाऊस कसा म्हनजे? अवं पाऊस बाहीर होता, त्या... तुमी लय बारीक इचारता बाई. श्रावन म्हनजे धोंड्याचाच श्रावन होता. असाच. आमचा आखाड सरला, मी सकाळीच त्यांचं गठुडं बांधून दिलं, जावा म्हनलं समोर, श्रावन त्यांच्या नावाचा हाय. गेल्या. माजी जाऊ कडूबाई दारातूनच म्हनली, हा धोंडा हाय, आमचा श्रावन पुढल्या महिन्यात, जावा माघारी. आल्या. मी पुन्ना लावल्या. काई बोलल्या न्हाईत हो त्या — एकीलाबी काई बोलल्या न्हाईत, गठुडं काखंत आन् ह्या दारातून त्या दारात. तिसऱ्या खेपेला मदोमद चिखलात पाय गेला.

मी ह्या उंबऱ्यावर होते. हात पिठाचे होते माजे. कडूबाई तिच्या उंबऱ्यावर. मी तिच्याकडं बघायले, ती माज्याकडं बघायली. आत्याबाई मदी पडलेल्या, वर पाऊस. आन् माज्या डोक्यात एकच — मायची शपथ, एकच होतं — की जी उचलंल तिच्या घरात न्यावं लागंल. तिच्याबी डोक्यात तेच, मला दिसायलं ना तिच्या तोंडावर, माजंच तोंड आरशात बघावं तसं. किती येळ? घागर भरायला लागतो तेवढा. न्हाई... दोन घागरी. लिंबाजी गुरव देवळाकडून येत होता, त्यानं उचललं. चिखलानं भरलेल्या म्हाताऱ्या बाईला दोन्ही हातांवर घेऊन उभा राह्यला पावसात आन् म्हनतो, कुन्या घरात नेऊ?

का थांबलात? लिव्हा ना. मगा तर लय भराभर चालला होता हात. — आन् असं बघू नका माज्याकडं. तुमी काय, आज हितं, उद्या परभनी, परवा पुन्याला. तीन वर्सं झाली, घमेलं मी उचलायले. कडूबाई तिच्या महिन्यात उचलायली, तिचंबी खोटं कशाला बोलू. ती बी जखम धुती. मला इचारून गेली होती, लिंबाचा पाला किती उकळायचा म्हनून. तेवढंच बोलनं आमचं.

काय म्हनता, खोडू का? मगाचं 'न्हाणीत' खोडू का म्हनता? — न्हाई! खबरदार. न्हाणीतच राहू द्या. तुमाला वाटायलं ते मी रचलं? परभनीच्या दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, आजी, कुठं पडलात, तर आमी दोघी जावा बाजूला उभ्या. आन् आत्याबाईच म्हनल्या, न्हाणीत पडले बाबा, पोरींनी धरलं म्हनून वाचले. तसं सांगितलं त्यांनी. त्यांनी सांगितलं. आमची काय हिंमत ते बदलायची.

समोर जाऊन इचारा, कडूबाईबी न्हाणीच सांगंल. दहा वर्सांत तेवढ्या एका गोष्टीवर आमचं जमलंय.

— आले, आत्याबाई, आले! जाग्या हायेत बघा त्या. कवाच्या जाग्या हायेत कुनाला ठावं. उठा ताई, कूस बदलायची येळ झाली. समोर गेलात तर कडूबाईला सांगा, उद्या सकाळी आनून सोडते म्हनावं. दारात सोडते. सांगाल ना?

न्हाई, थांबा. नका सांगू. काईच नका सांगू. जावा तुमी.