कडंची ओळ

मूलच्या बसस्टँडवर कमळाबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी. थोरली बॅग सांभाळत, धाकटी चिखलाच्या पायांनी.

"रिंकू, मला पोचवायला अशी आलीस?"

"धानाच्या रोवण्यातून सरळ आली ना ताई. पाय धुवत बसली असती तं तुही नागपूरची गाडी गेली असती."

"पुणं सोडून इकडे राहायला येताना रडून रडून डोळे सुजवले होतेस तू. मी नव्हते रडले."

"तवा मले इथलं काय माहीत होतं! आज आमची टोळी चालवणाऱ्या ताराबाईनं मले कडंची ओळ देली, माहीत आहे?"

"त्यात काय एवढं?"

"सगळ्या बाया त्या ओळीकडं पाहूनच रोवतेत. ते वाकडी गेली, का बांधीतल्या साऱ्या ओळी वाकड्या."

कमळाबाईंनी मान वळवून पोरीकडे नीट पाहिलं. त्यांना स्वतःला ती ओळ मिळाली, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा शाळेत जायला लागला होता.

"आणि सरळ गेली?" त्यांनी विचारलं.

"दोरी धरल्यावानी!"

"तू पण चल ना गं, नागपूरहून पुढे पुण्याला," थोरली म्हणाली. " होस्टेलवर मी एकटी काय करू?"

"तुले शिकाचं आहे, तू शीक. माही बांधी अर्धी राह्यली आहे."

"म्हणजे मी गेले काय, राहिले काय, तुला सारखंच."

"तसं नाई वो ताई. रोवणारी बाई मागं मागंच सरकते. जिथून निघाली, तिकडंच तोंड असते तिचं."

गाडी लागली.

पुढच्या जागा रिकाम्या होत्या. तरी थोरली थेट शेवटच्या सीटवर गेली आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसली.