साडीतला विनीत

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. बहरीनची राजधानी मनामा इथल्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाइके दोनच होती: जवळच्या रिफा शहरात ड्रायव्हर असलेले बाबल गावडे आणि त्यांची मुलगी भक्ती. महिन्यापूर्वी वारलेल्या त्यांच्या मुलाचे, विनीतचे, दोन फोटो काउंटरवर होते: एक पासपोर्टचा, दुसरा दशावतारी नाटकात राणी झाला होता तेव्हाचा, साडीतला. एका जपानी चित्राला काच बसवता बसवता दुकानदार हारूनच्या कानावर त्यांचे बोलणे पडत होते.

"ह्यो पासपोर्टचोच मोठो करूया."

"बाबा, दशावतार सोडवून तुमी तेका इकडे आणलात, तेव्हाचो ह्यो. किती घाबरलेलो दिसता."

"मगे काय साडीत टांगूचो? मेल्यावरय गाव हसूक होयो?"

"गाव कधी हसलो नाय. दादाची राणी बघून गाव रडायचो."

"माका म्हायत नाय."

"तुमी बघूक खंय इलात?"

बाबलांनी हारूनच्या हातातल्या चित्राकडे बोट केले.

"ही बाई कोण, हारूनभाय?"

"पुरुष आहे, काका. जपानच्या काबुकी नाटकात बायकांची कामं करायचा. तो वारला तेव्हा लाकडी ठशांवरून हे छापलं."

"असली चित्रां घेय कोण?"

"त्याची नाटकं बघणारे लोक. आठवण म्हणून घरी ठेवायचे."

"बघणारे," बाबल म्हणाले. त्यांनी साडीतला फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला.

"भक्ते, डोळे आवशीचे असत गो तेचे."

"होय, बाबा."

"ह्योच करा, हारूनभाय. एक गावाक धाडूया. एक माज्या खोलीत."

हारूनने फ्रेमच्या पट्ट्या मापून कापल्या: बारा इंच बाय सोळा इंच, नग दोन.