वास मुंबईला, रेशीम नागावला

—झोपलाय ना? नुसता झोपलाय, की रडून रडून गळून पडलाय? नाही हो आत्याबाई, उठवत नाही, पाळण्याला हातसुद्धा लावत नाही, ही बघा इथे भिंतीशी बसले — पाय धुऊनच आलेय, हो, मागल्या दाराने — आणि तुम्ही काही सांगू नका. तो किती रडला ते मी विचारणार आहे, पण शेवटी. आत्ता ऐकलं तर मलाच रडू फुटेल. तुम्ही आपल्या वाती वळा, मी बोलते.

आगबोट? वेळेवर होती. कमळने मला हाताला धरून चढवलं — कमळ हो, अलिबागच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर होती, लग्न करत नाही म्हणून तुम्ही जिला... म्हणजे तुम्ही नाही, लोक नावं ठेवतात — ती म्हणाली, "आज तू कुणाची आई नाहीस, कुणाची सून नाहीस. आज नुसती माझ्या बाकावरची." मी म्हटलं, बरं. आणि मुंबई दिसेपर्यंत तिला आठ वेळा विचारलं, वाटीने पाजलेलं दूध घशात अडकत नाही ना गं? तर म्हणाली, "मला काय विचारतेस? मी मुलींना भूगोल पाजते!"

मग धक्क्यावर उतरलो, बायकांच्या खोलीत गेलो, लुगडं बदलायला मी बोचकं सोडलं — आणि आत्याबाई, तसंच परत बांधलं. पहाटे दोन बोचकी बांधली होती ना? एकात माझं जुनं हिरवं लुगडं, त्याच्या पाळण्यात घालायला — तुम्हीच सांगितलंत, तीन रात्री न धुता नेसून झोप, अंथरुणाला आईचा वास असला की पोर फसतं — आणि दुसऱ्यात मुंबईत मिरवायचं अंजिरी रेशमी. कंदील तुमच्याकडे, मी अंधारात, हाताला लागलं ते उचललं. म्हणजे वास मुंबईला आणि रेशीम नागावला! सातवी पास बरं का, माहेरी ओटीवर सर्टिफिकेट चौकटीत लावलंय, आणि मला दोन बोचकी ओळखता येत नाहीत. मी म्हटलं, कमळ, परत जाऊ या. तर बोट एकदम दुपारची. "रडायचंच असेल तर बघायला आलोय त्या म्युझियममध्ये रड," म्हणाली, "निदान सावली तरी आहे."

आणि काय सांगू तुम्हाला! वर बघितलं तर हा एवढा घुमट, माझा पदरच डोक्यावरून घसरला. चिनी मातीच्या बरण्या — आपल्या लोणच्याच्या बरण्यांच्या मावसबहिणी, पण कुलपात ठेवलेल्या. आणि चित्रं, तळहाताएवढी, त्यात झाडाचं पान न् पान वेगळं, बगळ्याचं पीस न् पीस वेगळं. मनात आलं, हे काढणाऱ्याच्या मांडीवर नक्की पोर नसणार. मी एकेका चित्रापुढे इतकी उभी राहिले की कमळच कंटाळली, आणि मग — हे सांगू नये खरं — मी त्याला विसरले. असा जरासा वेळ नव्हे. चांगले दोन तास. नाव नाही, तोंड नाही, काही आठवलं नाही. तुम्ही वाती का थांबवल्यात? वळा ना.

मग खाली एक दगडाची बाई होती. तिला डोकं नाही. कडेवर पोर, त्यालाही डोकं नाही, नुसता एक हात उरलाय, तो तिच्या छातीवर. मी काही रडले-बिडले नाही हं. मी कमळला म्हणत होते, बघ गं, बोटांच्या चुण्यासुद्धा कोरल्यात — आणि तेवढ्यात पान्हाच आला! दोन्हीकडून. चोळी चिंब. दगडापुढे! तिकडून शिपाई येतोय. कमळने माझ्याच काखेतलं बोचकं ओढलं, ते हिरवं लुगडं शालीसारखं माझ्या अंगावर टाकलं आणि शिपायाला म्हणाली, "हिला थंडी वाजतेय." चैत्रात! म्हणजे माझ्या वासाचा कुणाला तरी उपयोग झाला. मग मोरीत जाऊन दूध पिळून टाकलं, तेव्हा मात्र जिवावर आलं. त्याच्या वाटचं ते.

खाल्लं? छे, काही नाही. नुसता चहा घेतला. एका इराण्याकडे — अहो, बायकांना तिथे वेगळी पडद्याची खोली असते. चहाबरोबर पाव आला, तो काय टाकून द्यायचा? त्याला मस्का लावलेला, तो काय खरवडत बसायचं? आमलेट कमळने मागवलं होतं. तिचं तिने खाल्लं. दुसरंही तिनेच मागवलं... ते मी खाल्लं. तिसरं अर्धं अर्धं. पाजणाऱ्या बाईला भूक लागते, हे कोण म्हणतं? तुम्हीच ना? आणि आम्ही अशा हसलो, अशा हसलो की पडद्यापलीकडचा म्हातारा मुद्दाम खोकला. कमळ म्हणाली, वरचा मजला बघायचा राहिला, पुढल्या महिन्यात येऊ. मी हो म्हटलं. लगेच! आता तुम्हीच सांगा, ही काय आईची लक्षणं?

नको, ते नका सांगू. आता विचारते. किती रडला?

...काय? एकदासुद्धा नाही? पहाटेपासून? आणि वाटी? अख्खी प्यायला? पण निजवलंत कशावर, हिरवं तर मी — अंजिरीवर? आत्याबाई, ते माझं मंगळागौरीचं रेशमी! घडी मोडताना कळलं नाही तुम्हाला? काय वाटलं? शिकलेल्या बायका रेशीम नेसून झोपत असतील! धन्य आहे. आणि त्यावर त्याने... दोनदा? बरं, तीनदा. म्हणजे वास नाही, आई नाही, आणि हा बाबा रेशमावर लोळतोय राजासारखा! मी दोन तास विसरले म्हणून बोटीत सबंध वेळ जिवाला खात आलेय, आणि हा सबंध दिवस — बरं झालं. बरंच झालं म्हणते ना मी. डोळे? खारा वारा लागलाय.

हळू! हलला. मी नाही हो आवाज केला... बरं, मीच केला. उठलाय. कंदिलाकडे बघतोय. आता माझ्याकडे. तो ओठ बघा, तो खालचा ओठ बघा कसा काढलाय — रडला! आत्याबाई, रडला! दिवसभर रडला नाही तो मला बघून, आणि केवढ्यांदा! ये रे, ये माझ्या सोन्या, आले रे मी, आले — अहो, तुम्ही काय हसत उभ्या राहिलात? वाती घ्या आणि ओटीवर जा बघू. जाताना दार ओढून घ्या.